सॉकेटच्या आतला पाय : इंदूरच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

विषय नक्की झाला. गुडघ्याखाली पाय कापावा लागलेल्यांसाठी असं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा उरलेला पाय जिथे बसतो तो कडक कप, बनवायचं, जे घालणाऱ्याला दिवसातून केव्हाही स्वतःच्या हाताने आवळता आणि सैल करता येईल. किंमत साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या (एक चिवट प्लास्टिक) सॉकेटपेक्षा फार वर जाऊ द्यायची नाही.

प्रकल्पातल्या मुलांपैकी काहींना यांत्रिक गुडघा करायचा होता, एकाला स्नायूंच्या विजेवर चालणारा हात. दोन्ही विषय मोह पडावा असेच आहेत. पण या हिवाळ्यात कृत्रिम अवयव केंद्रात जाऊन बसलो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ज्यांनी पाय घरात कोपऱ्यात ठेवून परत कुबड्या धरल्या, त्यांची तक्रार पावलाबद्दल क्वचितच असते. टोचतं, सोलवटतं, ढिलं होतं, घाम साचतो, वास येतो. सगळं भांडण सॉकेटशी. तेच बसलं नाही तर खाली कितीही महागडं पाऊल लावा, माणूस चालणार नाही.

केंद्रातले प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम अवयव घडवून बसवणारे, सर सुरुवातीपासून बरोबर आहेत. ते नसते तर हा प्रकल्प मी हातात घेतला नसता, हे मुलांना आजच सांगून टाकलं. ज्या माणसाच्या कातडीवर आपलं काम टेकणार, तिची जबाबदारी घेणारा जाणकार खोलीत हवाच. चाचणीला तयार झालेल्यांची नावं या नोंदींत लिहायची नाहीत, फोटो गुडघ्याच्या वर जाणार नाहीत.

१० फेब्रुवारी

आज दोघांशी निवांत बोलणं झालं.

टेलरकाका. रामबागेकडे दुकान. रस्त्यावरच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला, त्याला बरीच वर्षं झाली. पायाने चालवायचं शिलाई मशीन अजून सोडलेलं नाही. मुलाने मोटार लावून दिली होती, ती काढून ठेवली. "मोटारीनं कापड पळतं, ताई. माझा हात पायाच्या चालीनं चालतो." सकाळी दुकान उघडताना पाय घट्ट बसतो, जेवणवेळेपर्यंत आत हलायला लागतो. मग स्टंपवर, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागावर, एक मोजा वाढवायचा, तासाभराने आणखी एक. पण दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना पँट वर करून पाय कसा काढणार? म्हणून काढत नाहीत. रात्री नडगीच्या टोकाशी लाल चट्टा घेऊन घरी जातात.

मावशी लोकमान्यनगरच्या. मधुमेह. अंगठ्याजवळच्या लहानशा जखमेपासून सुरू झालं आणि नडगीपर्यंत पोचलं. त्यांचा त्रास उलटा सुरू होतो. सकाळी स्टंप सुजलेला असतो. "आत जातच नाही गं पोरी, आणि चार वाजता पाहावं तर डबा वाजतो नुसता."

दोघांच्या बोलण्यामागे कारण एकच आहे. चालताना सॉकेटच्या दाबाने पेशींभोवतीचं पाणी वर सरकतं, स्टंप बारीक होतो आणि सॉकेटमध्ये खाली उतरतो. मग ज्या जागांनी भार घ्यायचा त्या सुटतात, आणि ज्यांनी मुळीच घेऊ नये त्या अडकतात: नडगीचं कापलेलं टोक, गुडघ्याच्या वाटीचा खालचा काठ, बाहेरच्या बाजूला फिब्युला या नडगीशेजारच्या बारीक हाडाचं डोकं. वॉशिंग्टन विद्यापीठात जोन सँडर्स यांच्या गटाने स्टंपमधलं पाणी विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने मोजण्याचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. त्यातली आम्हाला सगळ्यांत उपयोगी बाब ही, की बसलेलं असताना मध्येच थोडा वेळ पाय काढला किंवा सॉकेट सैल सोडलं, तर गेलेलं पाणी काही प्रमाणात परत येतं. काकांना दुकानात पाय काढता येत नाही. टेबलाखाली हात घालून पट्टा मात्र सैल करता येईल. प्रकल्प त्या एका हालचालीवर उभा आहे.

१८ फेब्रुवारी

काकांच्या स्टंपचा साचा घेतला. प्लास्टरची पट्टी ओली करून गुंडाळायची, गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर (दोरीसारख्या चिवट पट्टीवर) दोन्ही अंगठे दाबून धरायचे, सुकलं की उतरवून त्यात प्लास्टर ओतायचं. इथपर्यंतचं काम मुलांनाही जमलं. पुढचं जमणार नाही, निदान इतक्यात नाही. सर कानस घेऊन बसले आणि नमुन्यावरून काही जागा घासल्या, काही जागी प्लास्टर चढवलं. जिथे मांस भार सोसतं तिथे खोल, जिथे हाड कातडीलगत आहे तिथे उठाव. नडगीची कड, फिब्युलाचं डोकं, टोक, ही उठावाची ठिकाणं. वाटीखालचा कंडरा, नडगीच्या आतल्या बाजूचा रुंद भाग, मागची पोटरी, ही दाबाची.

या पद्धतीचा पाया १९५० च्या दशकाअखेर कॅलिफोर्नियात, बर्कलीला घातला गेला. रॅडक्लिफ आणि फूर्ट या अभियंत्यांनी वाटीखालच्या कंडरेवर भार टेकवणारं सॉकेट मांडलं. त्याआधी गुडघ्याखालचा पाय मांडीला चामड्याच्या पट्ट्याने आवळून बांधत. पुढे सगळ्या पृष्ठभागावर भार वाटून देणारी सॉकेटं आली, पण आपल्याकडच्या केंद्रांत बर्कलीचीच वळणं हातात भिनलेली आहेत.

मुलांनी विचारलं, मोबाइलने स्कॅन करून हे सगळं संगणकावर का करत नाही? करता येतं, आम्हीही करून ठेवलं. पण स्कॅनला फक्त आकार दिसतो. कातडीखाली हाड किती जवळ आहे आणि कुठे दाबलं की माणूस दचकतो, हे बोटांना कळतं. म्हणून सरांनी घासलेल्या नमुन्याचाच स्कॅन घेतला आणि मूळ आकाराशी ताडून पाहिला. त्यांचं बोटांतलं ज्ञान असं निदान आकड्यांत नोंदलं तरी जाईल.

२७ फेब्रुवारी

आराखडा पहिला. बाहेर पॉलिप्रॉपिलीनची कडक चौकट, तीत दोन खिडक्या. एक पोटरीमागे, एक आतल्या बाजूला नडगीच्या रुंद भागावर. खिडक्यांत आतून अस्तर लावलेले सुटे पॅनेल, बाहेरून पट्टा. पट्टा ओढला की पॅनेल मांसावर टेकतात, हाडांना हात लागत नाही. फिब्युलाच्या डोक्याखालून पायाची महत्त्वाची नस (मज्जातंतू) वळते. तिच्याजवळ पट्ट्याची ओढ जाता कामा नये, म्हणून पट्टा तिथे चौकटीवरूनच फिरवला आहे. मागचा काठ खोल कापायचा, दोन्ही बाजूंच्या कंडरांना जागा ठेवून. नाहीतर मांडी घालता येणार नाही.

पॉलिप्रॉपिलीन का, तर ते कुठल्याही केंद्रात आहे. पत्रा भट्टीत तापवून मऊ करायचा, नमुन्यावर ओढायचा, हवा खेचायची. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने युद्धग्रस्त देशांत हीच पद्धत रुजवली. जयपूरला सॉकेटसाठी एचडीपीई या प्लास्टिकचे पाइप वापरतात, शेतात पाणी नेतात तसलेच, तापवून नमुन्यावर चढवलेले. इथल्या सियागंज बाजारात मिळणाऱ्या मालातून जे दुरुस्त होईल, तेच गावात टिकेल.

१९ मार्च, रंगपंचमी

गेरमुळे, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीमुळे, राजवाड्याकडचे रस्ते बंद, केंद्रही बंद. घरी बसून शस्त्रक्रियेबद्दल वाचलं. हा विषय आमच्या कामाच्या एक पायरी आधीचा आहे. आपल्या प्रकल्पातल्या मुलांनी तो वाचलाच पाहिजे, कारण सॉकेटचं निम्मं भवितव्य ऑपरेशनच्या टेबलावर ठरतं.

नडगी पुढून तिरकी घासून गोल केली आहे का, फिब्युला तिच्यापेक्षा थोडी आखूड कापली आहे का, पोटरीचं मांस मागून पुढे आणून टोकावर गादी केली आहे का, गुडघ्याखाली साधारण १२ ते १५ सेंटीमीटर लांबी राखली आहे का. ही कामं नीट झालेली असली की सरांचं काम सोपं होतं. कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ धरते, तिला न्यूरोमा म्हणतात. ती सॉकेटच्या काठाखाली आली की माणूस पाय फेकून देतो.

या नसांचं करायचं काय, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोठं काम झालं आहे. शिकागोत टॉड कुइकेन आणि ग्रेगरी डुमानियन यांनी कापलेली नस जवळच्या स्नायूच्या छोट्या नसेला जोडायला सुरुवात केली. मूळ हेतू यांत्रिक हाताला स्पष्ट आज्ञा मिळाव्यात हा होता. नंतर लक्षात आलं, की काम मिळालेली नस दुखत कमी आहे. २०१९ साली २८ जणांवरची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात नसलेल्या अवयवाच्या वेदना या पद्धतीने कमी झालेल्या दिसल्या. मिशिगन विद्यापीठात पॉल सेडेर्ना यांचा गट नसेच्या टोकाभोवती स्नायूचा लहान तुकडा गुंडाळतो. ते काम तुलनेने कमी किचकट आहे.

एमआयटीतल्या ह्यू हेर यांच्या गटाचं काम मला याहून मोठं वाटतं. हेर स्वतः दोन्ही पाय गुडघ्याखाली गमावलेले गिर्यारोहक. पाय वाकवणारा आणि ताठ करणारा अशी स्नायूंची जोडी नेहमीच्या शस्त्रक्रियेत तुटून स्वतंत्र होते. त्यांनी ती स्टंपमध्ये पुन्हा एकमेकींना बांधली. एक आखडला की दुसरा ताणला जातो आणि मेंदूला घोटा कुठे आहे ते कळत राहतं. २०२४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये त्यांनी १४ जणांची तुलना मांडली. ज्या ७ जणांवर अशी शस्त्रक्रिया झाली होती, त्यांचा यांत्रिक घोट्यासह चालण्याचा कमाल वेग ४१ टक्क्यांनी जास्त होता. चाल पूर्णपणे त्यांच्याच नसांच्या आज्ञेवर होती. जिन्यावर, अडथळ्यावर, कोणी आधीच ठरवून दिलेल्या चालीशिवाय.

हे इंदुरात उद्या होणार नाही. पण स्नायू टोकावर नीट बांधणं, नस ताणून उंच कापणं, कातडीचा व्रण भाराच्या जागेवर न आणणं, एवढं उद्यापासून कुठल्याही जिल्ह्याच्या रुग्णालयात करता येतं. त्यासाठी शल्यविशारद आणि प्रोस्थेटिस्ट यांनी ऑपरेशनच्या आधी एकदा बोलायला हवं, इतकंच. ते बोलणं होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टेलरकाकांना गेलेल्या पायाची बोटं अजून रात्री मुरगळल्यासारखी दुखतात. १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाचा उपाय मांडला: शाबूत पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल असा आरसा धरायचा आणि तो पाय हळूहळू हलवायचा. सगळ्यांना गुण येत नाही, पण खर्च आरशाचा. केंद्रातल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी काकांना हे शिकवलं. दुकानातला, कपडे घालून बघायचा उभा आरसा ते आता रोज बंद करताना आडवा ठेवतात. म्हणाले, बोटं उलगडतात असं वाटतं.

२ एप्रिल

पाऊल. इथे आम्ही नवं काही करणार नाही, जयपूर फूटच लावणार. कारण नोंदवून ठेवते.

१९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हे पाऊल घडवलं. तेव्हा परदेशी पद्धतीचं पाऊल बुटाशिवाय चालत नसे, आत लाकडाचा कडक दांडा, घोटा वाकत नसे. उकिडवं बसणं, चुलीशी बसणं, अनवाणी चिखलात उतरणं, सगळं बंद. शर्मा-सेठींनी आत सच्छिद्र रबराचे ठोकळे, घोट्याशी लाकडाचा छोटा ठोकळा, बाहेर व्हल्कनाइझ केलेलं पायाच्या आकाराचं रबर अशी रचना केली. घोटा सगळ्या दिशांना थोडा देतो. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय मोफत बसवते.

काकांच्या मशीनच्या पायट्यासाठी तो देणारा घोटाच हवा. मावशींना देवघरासमोर खाली बसायचं आहे. दोघांचं पाऊल त्यामुळे आपोआप ठरलं.

एमआयटीतच अमोस विंटर यांचा गट जयपूरच्या समितीसोबत नायलॉनच्या एकाच तुकड्यातून पाऊल कापतो. त्यांचा विचार सरळ आहे. घालणाऱ्याचं वजन आणि उंची घ्या, पाऊल किती वाकलं म्हणजे नडगी शाबूत पायासारखी पुढे झुकेल याचं गणित करा आणि पावलाचा आकार त्यावरून काढा. मुलांना गणिताची गोडी लावायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

२२ एप्रिल

सांवेरकडचे एक दादा आज केंद्रात आले. ट्रॅक्टरच्या अपघातात पाय मांडीतून गेला. आमच्या प्रकल्पात बसत नाहीत, पण त्यांचं चालणं बघून मुलं तासभर हलली नाहीत. गुडघ्याला कुलूप, म्हणून पाय ताठ. पाऊल जमिनीला लागू नये म्हणून अख्खी मांडी बाहेरून फिरवून पुढे टाकायची. सोयाबीनच्या रानात पावसाळ्यात काळी माती पावलाला धरते तेव्हा ते वजन घेऊन हे किती दमत असतील.

सरांनी चार दांड्यांचा गुडघा टेबलावर ठेवला आणि मुलांना फळ्यावर रेघा मारायला लावल्या. पुढच्या आणि मागच्या दांडीच्या रेघा वाढवल्या की जिथे मिळतात, त्या क्षणी गुडघा त्या बिंदूभोवती फिरतो. पाय ताठ असताना तो बिंदू खऱ्या गुडघ्याच्या वर आणि मागे असतो, भाराची रेघ त्याच्या पुढून जाते. म्हणून टाच टेकली की गुडघा आपोआप ताठ राहतो, कुलूप लागत नाही. वाकायला लागलं की बिंदू पुढे सरकतो, आणि पुढे झोका घेताना नडगी किंचित आखूड झाल्यासारखी होते. चवडा जमिनीला घासत नाही. दगड-ढेकळांच्या वाटेवर यातच पडणं आणि न पडणं यांतलं अंतर आहे.

याच भूमितीवर २००८ साली स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या समितीसाठी तेल मुरवलेल्या नायलॉनचा गुडघा केला. आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्ये सुजाता श्रीनिवासन यांच्या गटाने ‘कदम’ नावाचा गुडघा काढला, तो २०२२ मध्ये बाजारात आला. दुसऱ्या टोकाला ऑटोबॉक कंपनीचा सी-लेग आहे, १९९७ सालचा, संवेदकांवरून गुडघ्याचा अडसर क्षणाक्षणाला बदलणारा. उत्तम यंत्र. पण ते चार्ज करायला लागतं, दुरुस्ती दूरच्या शहरात, किंमत लाखांत. दादांना आज हवा आहे तो चार दांड्यांचाच. सर त्यांना बसवून देणार आहेत, मांडीचं सॉकेट आधी नवं करून.

१२ मे

इंदूर तापलं आहे. मुलांनी फिटिंगच्या तपासणीसाठी पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं पारदर्शक सॉकेट बंद गाडीत दुपारभर ठेवून मुद्दाम पाहिलं. काठ वळला. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, उन्हातली बंद गाडी त्याच्या जवळ जाते. शिवाय असं छापलेलं सॉकेट थरांच्या सांध्यावर तुटतं, आणि चालताना वाकवणारा जोर नेमका तिथेच येतो. तेव्हा छापील सॉकेट फक्त केंद्रात, दोन समांतर दांड्यांच्या मध्ये, सरांच्या समोर. घरी जाईल ते पॉलिप्रॉपिलीनच.

घाम हा खरा मुद्दा. सिलिकॉनचा लायनर (स्टंपवर चढवायचं मऊ आवरण), आइसलँडच्या ओसूर क्रिस्टिन्सन यांनी १९८६ मध्ये आणलेला, कातडीला घासू देत नाही, पाय खेचून धरतो. पण मालव्याच्या मे महिन्यात आत पाणी होतं, कातडी पांढरी पडून सोलते. आमच्या दोघांना म्हणून सुती मोजा आणि मऊ फोमचं अस्तर. खिडक्यांचा एक फायदा आराखडा करताना मोजलाच नव्हता: पट्टा सैल केला की आत वारा जातो. काकांनी तो पहिल्या फिटिंगलाच सांगितला.

९ जून

चाचणीचं यंत्र चालू झालं. कृत्रिम पायाच्या मजबुतीसाठी आयएसओ १०३२८ हे मानक आहे. ६०, ८०, १०० किलो अशा वजनांच्या माणसांसाठी वेगवेगळ्या पातळ्या, आणि झीज तपासायला ३० लाख वेळा भार. सेकंदाला एक भार दिला तरी जवळजवळ पस्तीस दिवस अखंड. वीज गेली तर यंत्र मोजणी लक्षात ठेवेल अशी व्यवस्था मुलांनी केली, हे चांगलं काम.

त्या मानकात सॉकेटसाठी वेगळी कसोटी नाही. ते सांधे, दांडे, पाऊल यांच्यासाठी आहे. जगभर लोक सॉकेटला तेच ओढूनताणून लावतात, आम्हीही ८० किलोच्या पातळीवर तेच करतो आहोत. पण खिडक्या कापलेल्या सॉकेटला खिडकीच्या कोपऱ्यात ताण साचतो, म्हणून कोपरे मोठ्या त्रिज्येने गोल केले आणि तळाशी, पायलॉन (सॉकेट आणि पाऊल यांच्यामधला दांडा) जोडतो तिथे, पत्रा दुहेरी ठेवला. भेगा शोधायला रोज रंग लावून पाहायचं.

१६ जुलै

बातमी: संरक्षण संशोधन करणारी डीआरडीओ आणि एम्स बीबीनगर हे रुग्णालय यांनी मिळून देशी कार्बन पाऊल दाखवलं. १२५ किलोपर्यंत तपासलेलं, उत्पादनखर्च वीस हजारांच्या आत. आयात केलेलं कार्बन पाऊल लाखांत जातं. धावायला, उतारावर, लांब चालायला कार्बन वेगळीच ताकद देतं. केंद्रात येणाऱ्या तरुण मुलांसाठी मला याचा फार आनंद झाला. खाली बसणाऱ्यांसाठी मात्र रबरी घोटा राहणारच.

२१ जुलै

काका महिनाभर आमच्या सॉकेटवर आहेत, केंद्रात दर आठवड्याला तपासणी. नडगीच्या टोकाचा चट्टा फिका झाला आहे. मोज्यांची संख्या दिवसभर एकच राहते. जेवणाआधी आणि चहाच्या वेळी टेबलाखाली पट्टा सोडतात, उठण्याआधी आवळतात. किती आवळायचं हे त्यांना सांगावं लागत नाही, पॅनेल टेकल्याचं त्यांना कळतं.

मावशींना कळत नाही, आणि हा मुलांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा धडा आहे. मधुमेहाने नसा गेल्या की दाब कळत नाही, दुखणं हीच सूचना असते आणि तीच बंद. त्यांच्या हाती मोकळा पट्टा दिला तर त्या सैल वाटू नये म्हणून आवळत राहतील, टोकाला सूज साचेल, जखम होईल आणि कळेल तेव्हा उशीर झालेला असेल. त्यामुळे त्यांच्या सॉकेटला पट्ट्यावर दोन खुणा आणि पुढे स्टीलचा अटकाव. पलीकडे पट्टा जातच नाही. खुणांची जागा सर ठरवणार, सकाळी सूज असताना आणि दुपारी उतरल्यावर, दोन्ही वेळा स्टंप पाहून.

त्यांच्या शाबूत पायाचीही तपासणी झाली. दहा ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवून विचारायचं, लागतंय का. बऱ्याच जागी लागत नव्हतं. त्या पायात एमसीआरची (मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची) चप्पल आणि घरातही अनवाणी चालायचं नाही. मावशी खजराण्याच्या गणपतीला जातात, तिथल्या फरशीवर उन्हाळ्यात पाय भाजतो हे त्यांना जाणवणारच नाही. वेगळी एमसीआरची, कापडात शिवलेली स्वच्छ जोडी देवळासाठी ठेवायची असं ठरलं. त्या आधी नाही म्हणाल्या, मग त्यांच्या सुनेने समजावलं. आणखी एक: सॉकेटची ठेवण विशिष्ट उंचीच्या टाचेवर बसवलेली असते. चप्पल काढली की अख्खा पाय मागे कलतो आणि गुडघा मागे ढकलला जातो. दोन्ही जोड्यांच्या तळाची जाडी सारखीच हवी.

११ ऑगस्ट

घरी न्यायचा कागद मराठीत आणि हिंदीत तयार केला. मोठी अक्षरं, सुनेला किंवा नातवाला वाचून दाखवता येईल असा. स्टंप रात्री धुवायचा, सकाळी नाही, ओल्या कातडीवर सॉकेट चढवलं तर सोलतं. मोजा रोज बदलायचा. हातातल्या आरशात टोक आणि मागची बाजू बघायची. लाली दहा मिनिटांत गेली नाही तर पाय घालायचा नाही, केंद्राला फोन करायचा. बसताना गुडघ्याखाली उशी नको, गुडघा वाकलेलाच आखडतो. दिवसातून काही वेळ पालथं झोपायचं. पाय काढल्यावर लवचीक पट्टी आठच्या आकड्यात, खालून घट्ट आणि वर सैल.

सरांनी एक ओळ घालायला लावली: वजन चार-पाच किलोने बदललं तर सॉकेट नवं लागतं, लाजायचं नाही. लोक जुनंच ओढत राहतात, कारण दुसऱ्यांदा मागायला जीव कचरतो. २०११ च्या जनगणनेत हालचालीचं अपंगत्व असलेले ५४ लाखांवर लोक नोंदले गेले. केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून साधनांना मदत करते, कानपूरची अ‍ॅलिम्को ही सरकारी कंपनी सुटे भाग पुरवते. पण पाय एकदा दिला की काम झालं, असं धरून चालणाऱ्या व्यवस्थेत सॉकेट बदलण्याला कुणी वाली नसतो. म्हणून आमच्या आराखड्यात खालचा पायलॉन आणि पाऊल तेच ठेवून फक्त वरचं सॉकेट बदलता येईल असा जोड कायम ठेवला आहे.

१८ ऑगस्ट

यंत्रावर खिडकीच्या कोपऱ्यात अजून भेग नाही, मोजणी चालू आहे. पावसाने पट्ट्याच्या रिपिटांना गंज धरला, आता त्या स्टेनलेस स्टीलच्या. पॅनेलचं अस्तर सुटं काढून धुता येईल असं शिवायचं आहे. ते काम काकांनी स्वतःकडे घेतलं, आणि शिलाई आमच्यापेक्षा सरस आहे. अस्तराची शिवण स्टंपच्या बाजूला येऊ नये म्हणून त्यांनी पट्टी उलटी दुमडली. मुलांनी ती आराखड्यात तशीच उतरवली.

काकांची एक मागणी राहिली आहे. पट्ट्याचं वेल्क्रो उघडताना फर्रकन आवाज होतो, गिऱ्हाईक मान वर करून बघतं. त्यांना आवाज न करणारं काहीतरी हवं. मावशींनाही तो आवाज नको आहे, पण त्यांच्या बोटांत जोर कमी, लहान बकल उघडणार नाही. सियागंजातून दाबून उघडणाऱ्या आणि सरकवायच्या बकलांचे नमुने आणले आहेत. शुक्रवारी दोघांना केंद्रात बोलावलं आहे. आधी मावशींच्या हातात देऊन बघायचे, त्यांना उघडता येतील तेच दोन्ही सॉकेटला लावायचे.